पित्ताचं इंजेक्शन द्या, लगेच निघायचंय

छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की आमच्या कॅज्युअल्टीत सगळे खडबडून जागे होतात. खाट रिकामी होते, दहा मिनिटांच्या आत ईसीजीची पट्टी माझ्या हातात पडते. डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला मात्र सिस्टर बाकाकडे बोट दाखवतात. त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. इमर्जन्सीत येणाऱ्या शंभर माणसांत डोकेदुखीचे दोन-तीन असतात आणि त्यातले बहुतेक अर्धशिशीचे, ताणाचे नाहीतर साध्या तापाचे. दोन-तीन तासांत बरे होऊन घरी जातात. पण त्याच बाकावर, मांडीला मांडी लावून, मेंदूत रक्त सांडलेला माणूसही बसलेला असू शकतो. तोही चालतच आलेला असतो. स्वतःचा केसपेपर स्वतः काढून आलेला असतो.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात रात्रपाळ्या करते. आमच्याकडे सीटी मशीन आहे, एमआरआय नाही. न्यूरोसर्जन तासाभराच्या अंतरावर. इमर्जन्सी मेडिसिन हा एमडीचा स्वतंत्र विषय म्हणून आपल्याकडे २००९ मध्ये मान्य झाला, तरी ‘मोठे डॉक्टर येईपर्यंत बसवलेली बाई’ अशीच अजून बऱ्याच जणांची माझ्याबद्दल समजूत असते. असो. खाली जे पेशंट येतात त्यांचे तपशील ओळख पटू नये एवढे बदललेत. रोग बदललेले नाहीत.

डोकेदुखीचा पेशंट दारातून आत येण्याआधी बामचा वास येतो. मग ओढणीने किंवा टॉवेलने करकचून बांधलेलं डोकं दिसतं, एक हात कपाळावर, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, ओकारी आली तर असावी म्हणून. सोबतचा माणूस निदान तयार करूनच आलेला असतो. “पित्त उसळलंय मॅडम. पित्ताचं एक इंजेक्शन द्या, लगेच निघायचंय, गाडी लावून आलोय.”

या पित्ताशी मी भांडत नाही. भांडून उपयोग नसतो, आणि निम्म्या वेळा त्यांचं वर्णन बरोबर असतं. उपाशी राहिलं, उन्हात गेलं, जागरण झालं, तुरीची आमटी खाल्ली की डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड नको वाटतो, उलटी झाली की हलकं वाटतं. ही पाठ्यपुस्तकातली अर्धशिशी आहे. त्यांच्या लेखी उलटी हा रोग आणि डोकं ही खूण, माझ्या लेखी उलट. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी. पित्त म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. घरच्यांचे बंद होतात, मेडिकलवाल्याचे बंद होतात, आणि रात्री अडीच वाजता दमलेल्या डॉक्टरचेही होऊ शकतात. पॅन्टोप्रॅझोल आणि ऑन्डान्सेट्रॉन अशी आम्लाच्या आणि उलटीच्या औषधांची जोडगोळी सलाईनमधून जाते, पेशंट झोपतो, सगळे खूश.

एक आजी आठवतात. दोन दिवस उलट्या आणि डोकेदुखी. गावात पित्ताच्या गोळ्या झाल्या, पोटात मुरडा मारतोय म्हटल्यावर डायसायक्लोमीनचं इंजेक्शनही झालं. आजी डोळा मिटून बसलेल्या, पदर तोंडावर. सून म्हणाली, उजेड सहन होत नाही. मी पदर बाजूला करायला लावला आणि टॉर्च मारला. उजवा डोळा लाल, बुबुळ धूसर, बाहुली अर्धवट मोठी आणि उजेडाला ढिम्म. पापणी मिटवून दोन्ही डोळ्यांवर बोटांनी हलकं दाबून पाहिलं, डावा मऊ लागला, उजवा गोटीसारखा टणक. काचबिंदूचा झटका. डोळ्यातलं पाणी निघून जायची वाट बंद झालेली आणि आतला दाब चढलेला. डोळ्याचा दाब एरवी दहा ते एकवीसच्या दरम्यान असतो, अशा झटक्यात चाळीस-पन्नासच्या वर जातो आणि नजर कायमची जाऊ शकते. डायसायक्लोमीनसारखी औषधं बाहुली मोठी करतात, म्हणजे या रोगात आगीत तेल. आजींना आम्ही अ‍ॅसिटाझोलामाइड, टिमोलॉलचे थेंब, मॅनिटॉल ही दाब उतरवणारी औषधं दिली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना झोपेतून उठवलं. पुढे लेझरने बुबुळाच्या पडद्याला भोक पाडून वाट मोकळी केली. या निदानाला लागला तो टॉर्च आमच्या वॉर्डबॉय मामांच्या खिशात होता.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न मात्र डोळ्याचा नाही, वेळेचा आहे. डोकं किती वेळात टोकाला गेलं? पुस्तकात लिहिलंय, अचानक सुरू झालं का विचारा. विचारून बघा. शंभरपैकी नव्वद जण ‘हो, अचानकच’ म्हणतात, कारण डोकं दुखायला लागण्यापूर्वी ते दुखत नव्हतं! म्हणून मी ‘अचानक’ हा शब्दच वापरत नाही. विचारते, “सुरू झालं तेव्हा काय करत होता? हातात काय होतं?” अर्धशिशीवाला विचारात पडतो. सकाळपासून जरा जड होतं, मग दुपारी वाढलं, असं सांगतो. ज्याची मेंदूवरची रक्तवाहिनी फुटली, त्याला तो क्षण लख्ख आठवतो. “विहिरीवर मोटार चालू करायला वाकलो आन् खटका दाबला, तेवढ्यात मागून कुणी तरी टिकाव घातल्यागत झालं बघा.” हे बोलणारा शेतकरी बाकावर बसून होता. बीपी थोडं जास्त, बाकी नाडी, ताप, साखर सगळं व्यवस्थित. फक्त हनुवटी छातीला टेकवा म्हटल्यावर तो मान न वाकवता कमरेतून वाकला. मान अशी ताठणं ही मेंदूच्या आवरणाला त्रास होत असल्याची खूण.

एका मिनिटाच्या आत टोकाला गेलेली डोकेदुखी म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव. इथे घड्याळ महत्त्वाचं. कॅनडात पेरी आणि सहकाऱ्यांनी ३,१३२ रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये आला. सहा तासांच्या आत सीटी झालेले ९५३ जण होते, त्यातल्या १२१ जणांना असा रक्तस्राव होता आणि सीटीत एकही सुटला नाही. सहा तासांनंतर मात्र तीच तपासणी रक्तस्राव असलेल्या शंभरातल्या चौदाएक जणांच्या बाबतीत चकवा देत होती. रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पातळ होत जातं आणि पडद्यावरची पांढरी रेघ पुसट होते.

हा अभ्यास लोक फार सोयीने वापरतात. सहा तासांत नॉर्मल म्हणजे नॉर्मल, हे खरं आहे, पण मशीन बऱ्यापैकी नवं हवं आणि फोटो अनुभवी रेडिओलॉजिस्टने वाचलेले हवेत. आमच्याकडे रात्री फोटो दुसऱ्या शहरातल्या रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावर जातात. मी फोन करून सांगते, की ‘डोकेदुखी’ एवढंच वाचू नका, खटका दाबताना आलेली आहे, कवटीच्या तळाशी नीट बघा. हा एक फोन मी कधीच टाळत नाही. आणि पेशंट सहा तासांत येतो का? एरवी शेतातून घरी, घरून मेडिकलवर, मेडिकलवरून गावातल्या दवाखान्यात, तिथून रात्रभर झोप काढून आमच्याकडे. सहा तास केव्हाच उलटलेले असतात. मग नॉर्मल सीटीवर घरी सोडता येत नाही. रंग टोचून रक्तवाहिन्यांचा सीटी, नाहीतर मणक्यात सुई घालून पाठीतलं पाणी काढून तपासायचं.

पाठीतलं पाणी म्हटलं की खोलीतली हवाच बदलते. “त्यानं माणूस लुळा पडतो म्हणं.” प्रत्येक कुटुंबात असा एक लुळा पडलेला चुलत मामा असतोच. मी कागदावर मणका काढून दाखवते. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्यापाशी संपतो, आम्ही सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये घालतो. तुमच्या सुनेच्या सिझेरियनला भूल दिली ती इथेच. हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त कामाला येतं. रक्त मिसळलेल्या या पाण्याला पिवळसर झाक यायला काही तास लागतात, बारा तासांनंतर ती भरवशाची असते, म्हणजे उशिरा आलेल्यांनाच ही तपासणी खरी उपयोगी. त्या शेतकऱ्याला तिची गरज पडली नाही. तो पाऊण तासात आला होता आणि सीटीत रक्त ढळढळीत दिसत होतं.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. इंजेक्शनने डोकं थांबलं, म्हणजे कारण साधं होतं, असं अजिबात नसतं. रक्तस्रावाची डोकेदुखीही वेदनाशामकाने उतरते, मेंदूज्वराचीही उतरते. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही हे स्पष्ट लिहिलंय, की औषधाने गुण आला यावरून कारणाचा निवाडा करू नये. तरी आपल्याकडे ‘बरं वाटतंय का? मग जा’ हीच डिस्चार्जची रीत आहे. म्हणून काय काय तपासायचं हे मी सुई टोचायच्या आधी केसपेपरवर लिहून ठेवते. पेशंट एकदा हसायला लागला की त्याच्या नातेवाइकांना सीटीचं पटवणं अशक्य असतं. “आता तर थांबलंय की!”

भाद्रपद जवळ आला की मला एक वेगळी धास्ती असते. गौरी-गणपतीच्या आधी आठवडाभर मेडिकल दुकानांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचा खप वाढतो. चिठ्ठी कुणी मागत नाही. सून, लेक, जाऊ, सगळ्या घेतात, कारण घरात सोवळं असतं आणि स्वयंपाकाला हात हवे असतात. गोळी नॉरएथिस्टेरॉनची. बहुतेकींना काहीही होत नाही, हे आधी सांगते, उगाच घाबरवायचं नाही. पण या गोळीचा थोडा भाग शरीरात गेल्यावर इस्ट्रोजेनच्या जातीच्या संप्रेरकात बदलतो आणि त्याने रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. त्यात हरतालिकेचा निर्जळी उपास, चुलीपुढची उष्णता, दोन रात्रींचं जागरण.

अशीच एक पंचविशीतली मुलगी गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आली. चार दिवस डोकं दुखत होतं, आडवं झालं की जास्त, खोकलं की जास्त. सगळे म्हणत होते, उपासाचं पित्त. आदल्या रात्रीपासून दोन-दोन दिसत होतं, एवढ्यावर नवऱ्याने गाडी काढली. सासूबाई खाटेला खेटून उभ्या होत्या आणि मुलगी त्यांच्याकडे बघून उत्तरं देत होती. मी सासूबाईंना केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं. (शिक्क्याची गरज नव्हती.) मग विचारलं, काही औषध घेतेस? नाही. कसली गोळी? नाही. पाळी कधी आली? “आली नाही अजून, पुढं ढकललीय ना.” ही गोळी कुणीच औषधात मोजत नाही, म्हणून मी बाईला औषधांचं विचारून थांबत नाही, पाळीचं विचारते.

साध्या सीटीत मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेतली गाठ पुष्कळदा दिसतच नाही. तिच्या सीटीत नुसता संशय येण्याइतपत एक पांढरा पट्टा होता. रेडिओलॉजिस्टना म्हटलं, रंग टोचून शिरांचा सीटी करूया, एमआरआयला शहरात पाठवण्यात रात्र जाईल. त्यात मोठी शीर अर्धी बंद निघाली आणि शेजारी मेंदूत थोडा रक्तस्रावही. उपचार? हेपॅरिन, रक्त गोठू न देणारं औषध. नवऱ्याने बरोबर मर्मावर बोट ठेवलं, “मॅडम, मेंदूत रक्त आलंय म्हणता आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता?” फार चांगला प्रश्न. ते रक्त वाहिनी फुटून आलेलं नसतं, पुढचा रस्ता तुंबल्याने मागून पाझरलेलं असतं. तुंबा मोकळा केला नाही तर अजून पाझरेल. दहा मिनिटं लागली समजवायला, पण पटलं. ती पुढे नीट बरी झाली. आता तिला अशी गोळी किंवा कुटुंबनियोजनाची इस्ट्रोजेनवाली गोळी जन्मात घ्यायची नाही, हे मी फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून दिलं.

बाळंतिणीची डोकेदुखी याच घरातली. बाळंतपणानंतर दीड महिना रक्त गोठायचा धोका जास्त असतो, आणि आपल्याकडे बाळंतिणीला पाणी बेताचं द्यायची पद्धत अजून गेलेली नाही. सिझेरियन झालेलं असलं की मणक्यातल्या सुईला दोष देऊन मोकळे होतात. सुईची डोकेदुखी बसलं-उठलं की वाढते आणि आडवं झालं की पाच-दहा मिनिटांत उतरते. तसं होत नसेल, किंवा आधी तसं होतं आणि आता आडवं होऊनही थांबत नसेल, तर सुईवर ढकलू नका. आणि बीपी बघा. बाळंतपण होऊन गेल्यावरही बीपी वाढून फिटचे झटके येऊ शकतात, आणि त्याआधीची सूचना कित्येकदा डोकेदुखीचीच असते. बीपी १६०च्या वर आणि डोकं दुखतंय अशी बाळंतीण दिसली की मी फिट रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट काढून ठेवायला सांगते, मग बाकीचं बोलते.

बीपीचा विषय निघालाच आहे तर थोडं बोलून टाकते. “बीपी वाढल्यामुळं डोकं दुखतंय” हे पित्ताच्या खालोखालचं निदान. १६०, १७० बीपीने सहसा डोकं दुखत नाही. डोकं दुखत असतं म्हणून बीपी तेवढं झालेलं असतं. दुखणं थांबवा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. जिभेखाली निफेडिपीनची कॅप्सूल फोडून धाडकन बीपी पाडायची जुनी खोड काही ठिकाणी अजून आहे. त्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटून लकवा होऊ शकतो. बीपी २२० आहे, माणूस बरळतोय, धूसर दिसतंय, तर गोष्ट निराळी. त्याला आत घ्या.

ऊसतोडीचा हंगाम म्हणजे आमच्याकडे कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात, बीडकडच्या टोळ्या येतात. तिथली माणसं दवाखान्यात येतात ती काम थांबल्याशिवाय येत नाहीत. एका विशीतल्या पोराला मुकादम स्वतः जीपमधून घेऊन आला, म्हणजे पोराचं खरंच काही खरं नव्हतं. तीन आठवडे डोकं दुखतंय, संध्याकाळी बारीक ताप, जेवण तुटलेलं. तळ बदलेल तसा दवाखाना बदललेला आणि प्रत्येक ठिकाणी तापाची गोळी, सलाईन. मी बायकोला विचारलं, अजून काही वेगळं? ती जरा थांबून म्हणाली, “भांडत न्हाईत आता. काय बी म्हणलं तरी गप बसत्यात.” स्वभाव बदललेला माणूस आणि आठवड्यांची डोकेदुखी, इथे आपल्या देशात क्षयाचा मेंदूज्वर मनात आलाच पाहिजे. मान किंचित ताठ, एक डोळा बाहेरच्या बाजूला नीट वळत नव्हता. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या, त्याही लिम्फोसाइट या जातीच्या पांढऱ्या पेशी, साखर कमी, प्रथिनं भरपूर. सीबीनॅटला, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला, नमुना गेला. सीबीनॅटमध्ये नाही दिसलं म्हणून क्षय नाहीच असं या रोगात म्हणता येत नाही, त्यामुळे उपचार त्याची वाट बघत थांबत नाहीत. मुकादमाने दोनदा विचारलं, कामावर कधी येईल. उचल घेतलेली होती ना.

याउलट झपाट्याचा मेंदूज्वर. सकाळी ताप, दुपारी डोकं, संध्याकाळी गुंगी. त्यात सीटी, रिपोर्ट, पाठीतलं पाणी या रांगेत तास घालवायचे नाहीत. रक्ताचा नमुना घ्यायचा आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि सेफ्ट्रायाक्सोन हे अँटिबायोटिक सुरू करायचं, बाकीचं नंतर. डेंग्यूच्या दिवसांत तापाच्या प्रत्येक डोकेदुखीला प्लेटलेट मोजत बसतात आणि मान वाकवून बघायला विसरतात.

थंडीत अजून एक पाहुणा येतो. नवरा-बायको दोघांचंही डोकं दुखतंय, मळमळतंय, आदल्या दिवशीही सकाळीच दुखलं होतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९९. अशा वेळी विचारायचं, बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का? खिडकी बंद होती का? कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्या यंत्राला ऑक्सिजनने भरल्यासारखंच वाटतं, म्हणून आकडा छान येतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात. उपचार झाला की घरी जाऊन गिझर काढून बाहेर गच्चीत लावा, हेही लिहून द्यावं लागतं, नाहीतर उद्या सकाळी परत हजर.

तपासताना मी प्रत्येकाला चार पावलं चालायला लावते. लहान मेंदूत रक्त आलं असेल तर खाटेवर हातपाय छान चालतात, बोलणं ठीक, आणि उभं केलं की माणूस एका बाजूला झुकतो. चक्कर आणि उलटी आहेच, म्हणून त्यालाही पित्त म्हणतात. डोळ्याचा मागचा पडदा बघायला ऑप्थॅल्मोस्कोप असतो, त्याचे सेल उतरलेले असतात. मी स्वतःचे सेल बॅगेत ठेवते. म्हाताऱ्या माणसाला ‘पडलात का’ विचारलं तर ‘न्हाई वं’ म्हणतात. दिवाळीत जळमटं काढताना स्टुलावरून घसरले होते हे नातवाला आठवतं, आणि त्याला महिना उलटून गेलेला असतो. त्यात ते अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेत असतील, तर आवरणाखाली हळूहळू साचलेलं जुनं रक्त शोधायचंच.

हे सगळं वगळून उरते ती खरी अर्धशिशी, आणि तिची हेळसांड मला आवडत नाही. साधं आहे म्हणजे दुखत नाही असं नव्हे. ट्यूबलाइटच्या भगभगाटात, मॉनिटरच्या टिकटिकीत तो माणूस बरा होणार कसा? आमची प्लास्टर रूम रात्री रिकामी असते. दिवा बंद, पंखा चालू, दार लोटून घ्यायचं. उलटी आणि अर्धशिशी दोन्हींवर चालणारं मेटोक्लोप्रामाइड दहा मिलिग्रॅम, पण सलाईनच्या छोट्या बाटलीत घालून पंधरा मिनिटांत. एकदम ढकललं तर माणसाला आतून इतकं अस्वस्थ होतं की सुई उपटून पळायला बघतो, आणि मग ‘पेशंट त्रास देतोय’ अशी नोंद होते. सोबत किडनी, जठर, गर्भारपण बघून केटोरोलॅक किंवा डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. दोन-तीन दिवस चाललेला झटका असेल तर डेक्सामेथासोनचा एक डोस. दुखणं त्याने लगेच थांबत नाही, उद्या उलटून यायचं प्रमाण कमी होतं. ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, मी अर्धशिशीला देत नाही. मागणारे भांडतात, तरी नाही.

आणि नेहमीचे पेशंट. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई दर पंधरवड्याला यायच्या. पर्स उघडायला लावली तर अर्धशिशीवरच्या अर्गोटामीन-कॅफीनच्या गोळ्यांची पाकिटं, रोज एक ठरलेली. महिन्यात दहा दिवसांहून जास्त अशा मिश्र गोळ्या घेतल्या, आणि ते तीन महिने चाललं, की गोळीच डोकं दुखवायला लागते. शिवाय अर्गोटामीनवर क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक कुणी नकळत लिहिलं तर हातापायांचा रक्तपुरवठा आकसून बोटं काळी पडायची वेळ येते. बाईंना मी कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारायला सांगितलं आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

ज्यांना पुढे पाठवायचं असतं त्यांची चिठ्ठी मी स्वतः लिहिते, इंटर्नला देत नाही. सगळ्यात वर डोकं सुरू झाल्याची वेळ, मग सीटीची वेळ, शुद्ध कशी आहे, बाहुल्या कशा आहेत, काय औषध किती वाजता दिलं. न्यूरोसर्जन फोनवर हेच विचारतात. रक्तस्रावाच्या पेशंटला मेंदूचा रक्तपुरवठा टिकवायला निमोडिपीन साठ मिलिग्रॅम दर चार तासांनी, पहिला डोस इथूनच. मोटारीचा खटका दाबलेल्या त्या शेतकऱ्याला १०८ मध्ये चढवताना मुलगा सोबत बसला, हातात नुसता मोबाइल. मी त्याच्या काकांना थांबवलं आणि रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन मागून मोटारसायकलने जायला सांगितलं. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसवायचं तर तिथल्या काउंटरवर पहिल्यांदा तेच मागतात, आणि रात्री गावातून निघालेल्या कुणाच्याच खिशात ते नसतं.